न्यूयॉर्कचा बार द्यायचा की कॅलिफोर्नियाचा? आपल्याकडच्या एलएलबीवाल्यांसाठी

इथे एलएलबी करून अमेरिकेत जाणाऱ्या बऱ्याच जणांना प्रश्न पडतो की बार, म्हणजे तिथे वकिली करायला लागणारी परीक्षा, न्यूयॉर्कची द्यायची की कॅलिफोर्नियाची. माझं म्हणणं एकच, आधी तुमच्याकडे वकिलीची सनद आहे का ते बघा.

सनद असेल तर कॅलिफोर्निया एलएलएम न करता परीक्षेला बसू देतं. नुसती डिग्री असेल तर आधी तिथे वर्षभर शिकावं लागतं. न्यूयॉर्कचं वेगळं, त्यांना डिग्री बघायची असते, कोर्स किती वर्षांचा, कॉलेजात बसून केला का, कॉमन लॉचा, म्हणजे इंग्लंडवरून आलेल्या कायदा पद्धतीचा आहे का. आपला रेग्युलर तीन वर्षांचा एलएलबी सहसा चालतो, कालावधी कमी पडला तर २४ क्रेडिटचं एलएलएम करून भरून काढता येतं. पण कागदपत्रं युनिव्हर्सिटीकडून थेट त्यांच्याकडे जावी लागतात, म्हणून ट्रान्सक्रिप्टचं, म्हणजे विषयवार गुणपत्रकाचं काम भारतात असतानाच उरकून घ्या, नंतर तिकडून फोन करकरून काही हलत नाही.

परीक्षा दोन्हीकडे दोन दिवसांची, फेब्रुवारी आणि जुलैच्या शेवटी, २०० एमसीक्यू दोन्हीकडे. न्यूयॉर्कला अर्ध्या तासाचे ६ निबंध आणि दोन परफॉर्मन्स टेस्ट (दिलेल्या कागदपत्रांवरून वकिलाचं एखादं काम करून दाखवायचं), पासिंग ४०० पैकी २६६. शिवाय न्यूयॉर्कच्या कायद्यावर ऑनलाइन कोर्स आणि ५० प्रश्नांची वेगळी परीक्षा, आणि ५० तास प्रो बोनो, म्हणजे फुकट कायदेशीर मदत. कॅलिफोर्नियात तासातासाचे ५ निबंध, एकच परफॉर्मन्स टेस्ट, २००० पैकी १३९०, आणि नवराबायकोच्या मालमत्तेचा कम्युनिटी प्रॉपर्टी हा विषय वेगळा करावाच लागतो. घर कॅलिफोर्नियातच असेल आणि सनद हातात असेल तर तिथलाच द्या. राज्य ठरलं नसेल तर मी न्यूयॉर्क म्हणेन, तो स्कोर दुसऱ्या बऱ्याच राज्यांत नेता येतो, फक्त परदेशी डिग्रीचा नियम प्रत्येक राज्याचा वेगळा असतो तो आधी वाचा. जुलै २०२८ पासून न्यूयॉर्कला परीक्षेचा नवा पॅटर्न येतोय हेही लक्षात ठेवा.

अभ्यासाचं म्हणाल तर एआयबीईला (आपल्याकडची बार परीक्षा) बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचं नुसतं पुस्तक घेऊन बसतो तसं तिकडे काही नाही, सगळं डोक्यात लागतं, आणि एमसीक्यूत १०० प्रश्नांना तीन तास म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही मिळत नाहीत. त्यात आपलंच पाठांतर आडवं येतं. शेजाऱ्याने आपणहून तुमचं काही काम केलं आणि नंतर तुम्ही त्याला पैसे द्यायचं कबूल केलं, तर आपल्याकडे करार कायद्याच्या कलम २५(२) खाली ते चालतं, तिकडे झालेल्या कामाचा मोबदला सहसा कन्सिडरेशन (करार बंधनकारक व्हायला लागणारा मोबदला) धरत नाहीत. हात आपोआप चुकीच्या पर्यायावर जातो. असे फरक पहिल्या आठवड्यापासून वेगळ्या वहीत लिहून ठेवा.