गोष्टीसाठी थांबा की थांब्यासाठी गोष्ट? दंतकथा आणि पब एकत्र असलेल्या संध्याकाळच्या टूरपैकी कोणती घ्यावी

परदेशातल्या जुन्या शहरात मुक्काम दोन रात्रींचा असतो आणि मोकळी संध्याकाळ एकच मिळते. ती गाइडबरोबर पायी हिंडत, भुताखेतांच्या आणि फाशी गेलेल्यांच्या गोष्टी ऐकत, मधेच एखाद्या जुनाट पबमध्ये टेकत घालवायची असं ठरवून तुम्ही बुकिंगला बसता आणि गोंधळून जाता. घोस्ट वॉक, हाँटेड पब क्रॉल (म्हणजे एका पबमधून दुसऱ्यात हिंडणं), लिटररी पब टूर... नावं वेगळी, वर्णनं सगळी सारखी. म्हणून या प्रकारासाठी नावाजलेली चार शहरं इथे शेजारी शेजारी ठेवतो आहे: स्कॉटलंडमधलं एडिनबरा, आयर्लंडमधलं डब्लिन आणि अमेरिकेतली न्यू ऑर्लीन्स व सव्हाना. शिवाय ज्यांना बारमध्ये पाऊलच टाकायचं नाही त्यांच्यासाठी इंग्लंडमधलं यॉर्क.

माझी कसोटी एकच आहे. टूर ज्या पबमध्ये थांबते तो पब गोष्टीतला आहे का? तो वगळून शेजारचा दुसरा घेतला तरी काही बिघडणार नसेल, तर ती पिण्याची टूर आणि गोष्टी नुसत्या तोंडी लावायला. मित्रांच्या घोळक्याला कित्येकदा तेच हवं असतं, त्यात काही वाईट नाही. पण गोष्टींच्या ओढीने पैसे मोजणाऱ्याचा मात्र तिथे हिरमोड होतो.

या कसोटीवर एडिनबरा सगळ्यांच्या पुढे आहे आणि त्याचं कारण ग्रासमार्केट हा एकच चौक. 1784 पर्यंत इथे जाहीर फाशी दिली जायची. आज त्याच चौकात ओळीने पब आहेत आणि त्यांच्या नावांतच गोष्टी दडलेल्या आहेत. ‘द लास्ट ड्रॉप’ म्हणजे पेल्यातला शेवटचा थेंब आणि फासावरून खाली पडणंही. जवळच ‘मॅगी डिक्सन्स’ आहे. मॅगी ही मसलबरा गावची मासळी विकणारी बाई. बाळंतपण लपवल्याच्या गुन्ह्यासाठी 1724 मध्ये तिला इथे फाशी झाली. नातेवाईक शवपेटी घेऊन गावी निघाले, वाटेत घसा ओला करायला एका गुत्त्यावर थांबले आणि बाहेर ठेवलेल्या पेटीतून आवाज यायला लागला. मॅगी जिवंत होती! शिक्षा एकदा बजावून झाली म्हणून तिला पुन्हा फासावर चढवलं नाही, आणि पुढे ती कित्येक वर्षं ‘हाफ-हँगिट मॅगी’, म्हणजे अर्धवट फाशी गेलेली मॅगी, म्हणून जगली. या गोष्टीत गुत्ता नसता तर पेटी वाटेत थांबलीच नसती. पबमध्ये उभं राहून ऐकायला याहून योग्य गोष्ट मला तरी माहीत नाही.

तिथून चढ चढून रॉयल माइल या जुन्या हमरस्त्यावर आलं की डीकन ब्रोडीच्या नावाचा पब लागतो. हा दिवसा प्रतिष्ठित सुतार आणि नगरपालिकेचा सभासद, रात्री घरफोड्या. ज्या घरांची कामं करायचा त्यांच्याच किल्ल्यांचे ठसे घेऊन ठेवायचा. 1788 मध्ये त्याला फाशी झाली. फाशीचा खटका त्याने स्वतःच बनवला होता, असं बरेच गाइड रंगवून सांगतात. ती दंतकथा आहे आणि चांगला गाइड तसं सांगूनच सांगतो. दंतकथा आणि नोंद यांतली रेघ कोण कुठे ओढतो, यावरून गाइडची पारख होते.

बर्क आणि हेअर यांच्याबाबतीत तर खोट्याची गरजच नाही. या दोघांनी 1828 मध्ये 16 माणसं मारली आणि प्रेतं शरीरशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. रॉबर्ट नॉक्स यांना विकली. हेअर माफीचा साक्षीदार झाला, बर्क जानेवारी 1829 मध्ये फासावर गेला. त्याचा सांगाडा आजही एडिनबरा विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. त्यांची वस्ती ग्रासमार्केटला लागूनच असलेल्या वेस्ट पोर्ट भागातली, म्हणजे गाइडला बोट दाखवायला लांब जावं लागत नाही.

एडिनबऱ्याच्या भुयारी टूर हा वेगळा प्रकार आहे. साउथ ब्रिज 1788 मध्ये वाहतुकीला खुला झाला. त्याच्या 19 कमानींपैकी एकच आज उघड दिसते, बाकीच्या इमारतींमागे झाकल्या गेल्या आणि त्यांच्या पोटातल्या दगडी खोल्यांमध्ये गाइड माणसांना नेतात. तिथे पब नाही, अंधार आहे. बंदिस्त जागेचा त्रास होणाऱ्याने ही टाळावी. गुडघेदुखी असेल तर एडिनबऱ्याच्या कुठल्याच टूरला हलक्यात घेऊ नका. चढ, पायऱ्या, दगडी फरसबंदी आणि त्यावर पाऊस, सगळं एकदम वाट्याला येतं.

डब्लिन याच्या शेजारी ठेवलं की फरक लगेच कळतो. तिथल्या गाजलेल्या लिटररी पब क्रॉलमध्ये भुतांऐवजी लेखक आहेत आणि गाइडच्या जागी दोन नट. ते गल्लीत, ट्रिनिटी कॉलेजच्या आवारात, पबच्या माडीवर उभे राहून वाइल्ड, बेकेट, जॉइस यांचे उतारे सादर करतात. मधे वीसेक मिनिटांची विश्रांती, मग पुढचा पब. एडिनबऱ्यातही याच धर्तीची टूर आहे. तिथली दोन पात्रं एकमेकांशी वाद घालतात: एक म्हणतो स्कॉटिश साहित्य गुत्त्यात जन्मलं, दुसरा ते मानत नाही. दोन्हीकडे सादरीकरण जीव ओतून केलेलं असतं. अडचण भाषेची. आयरिश किंवा स्कॉटिश उच्चारात, वेगाने, काव्यातला विनोद झेलायचा असतो. इंग्रजी साहित्याची गोडी असेल तर डोळे मिटून हीच घ्या. बरोबरच्या मंडळींना ती नसेल तर दुसऱ्या पबपर्यंत त्यांच्या जांभया सुरू होतील आणि तुमचीही मजा जाईल.

दंतकथांसाठी डब्लिनमध्ये ‘द ब्रेझन हेड’ आहे. पाटीवर साल 1198, इमारत मात्र अठराव्या शतकातली. 1803 च्या फसलेल्या उठावाचा तरुण नेता रॉबर्ट एमेट याचं भूत इथे वावरतं असं सांगतात. त्याला इथून जवळच, थॉमस स्ट्रीटवर देहदंड दिला होता. आणि मध्यवस्तीपासून दूर ग्लास्नेव्हिनच्या दफनभूमीच्या भिंतीला चिकटून जॉन कॅव्हनाचा पब आहे. लोक त्याला ‘ग्रेव्हडिगर्स’ म्हणजे कबर खोदणारे असंच म्हणतात. दफनभूमी 1832 ची, पब 1833 चा, एवढं सांगितलं तरी गोष्ट पूर्ण होते. मध्यवस्तीतल्या पायी टूर तिथवर जात नाहीत. दिवसा दफनभूमी पाहून मग तिथे स्वतःच जा.

आता अमेरिका. इथे सगळ्यात मोठा फरक पेल्याचा आहे. एडिनबरा आणि डब्लिनमध्ये पेला पबमध्ये संपवून निघायचं असतं, त्यामुळे पिणं आणि ऐकणं आपोआप वेगळं राहतं. न्यू ऑर्लीन्सच्या फ्रेंच क्वार्टरमध्ये दारू प्लॅस्टिकच्या पेल्यात घेऊन रस्त्यावरून चालायची मुभा आहे, काच चालत नाही. सव्हानाच्या ऐतिहासिक भागातही तसंच, पेला 16 औंसांपर्यंतचा, म्हणजे साधारण पावणेपाचशे मिलिलिटरचा. गोष्ट चौकात चालू आणि पेला हातात! ऐकायला मोहक वाटतं. पण टूरच्या उत्तरार्धात घोळक्याचा आवाज चढतो, गाइडचा शब्द मागच्यांपर्यंत पोचत नाही आणि गोष्टीचा शेवट हुकतो. म्हणून तिथे गाइडच्या अगदी जवळ चाला.

न्यू ऑर्लीन्सचा ‘लाफीत्स ब्लॅकस्मिथ शॉप’ हा बार कसोटीला उतरतो. अठराव्या शतकातलं बसकं घर, आत मेणबत्त्यांचा उजेड. जाँ लाफीत या चाच्याने लोहाराच्या भात्याआड तस्करीचा माल इथे खपवला, अशी आख्यायिका. कागदोपत्री पुरावा नाही. पण 1815 च्या लढाईत याच लाफीतने इंग्रजांविरुद्ध अमेरिकन सेनापती अँड्र्यू जॅक्सनला मदत केली, हा इतिहास आहे. 1788 आणि 1794 च्या आगींत हा भाग बहुतेक जळून गेला, त्यामुळे एवढं जुनं घर शिल्लक असणं हीच मुळात नवलाची बाब.

रॉयल स्ट्रीटवरच्या लालॉरी वाड्याबद्दल मात्र मला सांभाळून बोलावंसं वाटतं. 1834 मध्ये तिथे आग लागली आणि विझवायला आलेल्यांना साखळदंडांत जखडलेले, छळलेले गुलाम सापडले. चिडलेल्या जमावाने घर फोडलं, मालकीण पळून गेली. विसाव्या शतकात या प्रसंगाला किळसवाणे तपशील चिकटवले गेले आणि पुष्कळ टूर तेच चवीने सांगतात. त्या माणसांचा छळ खरा होता, त्यावर अंगावर काटा आणण्याचा धंदा करणं मला पटत नाही. लंडनमध्ये 1888 च्या पाच स्त्रियांच्या खुनांवर चालणाऱ्या टूरबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. स्पिटलफील्ड्समधल्या ‘टेन बेल्स’ पबला 1976 ते 1988 चक्क खुन्याचं ‘जॅक द रिपर’ हे टोपणनाव दिलं होतं. जो गाइड मेलेल्यांची नावं सांगतो, त्या कशा जगल्या ते सांगतो, त्याच्याबरोबर जरूर जा.

गाइडच्या तयारीबाबत न्यू ऑर्लीन्स सव्हानापेक्षा उजवं. तिथे गाइडला शहराचा परवाना लागतो आणि त्यासाठी इतिहासाची परीक्षा द्यावी लागते. या सक्तीला कोर्टात आव्हान दिलं गेलं, पण 2014 मध्ये ती टिकली. टूरमध्ये 28 पेक्षा जास्त माणसं घेता येत नाहीत आणि रात्री दहाच्या आत ती संपवावी लागते. सव्हानाने अशीच परीक्षा 2015 मध्ये रद्द केली. तेव्हापासून तिथे उत्तम गाइड मिळणं बरंचसं नशिबावर. एक गोष्ट जाहिरातीत नीट वाचा: न्यू ऑर्लीन्सची सेंट लुईस दफनभूमी क्रमांक 1, जिथे व्हूडू या पंथाची राणी म्हणवली गेलेली मारी लाव्हो विसावली आहे, ती संध्याकाळी बंद असते. 2015 पासून दिवसासुद्धा परवानाधारक गाइडशिवाय सर्वसामान्य पर्यटकाला आत सोडत नाहीत. संध्याकाळच्या टूरमध्ये ‘सिमेटरी’ लिहिलं असेल तर ती भिंतीबाहेरून.

सव्हानाची जमेची बाजू म्हणजे चालणं. 1733 मध्ये आखलेलं शहर, त्यातले 22 बागचौक अजून शाबूत, वर ओकची झाडं, जमीन सपाट. एकट्या नदीकाठावर उंच पायऱ्या आणि ओबडधोबड दगड आहेत. ‘पायरेट्स हाउस’ हे 1753 चं खाणावळवजा घर. दारूत गुंगलेल्या खलाशांना तळघरातल्या भुयारातून थेट जहाजावर चढवलं जायचं, अशी त्याची गोष्ट. मला ती आवडते, कारण तिच्यात दारू शोभेला नाही, सापळा म्हणून आहे.

यॉर्कचं थोडक्यात. तिथला घोस्ट वॉक 1973 पासून चालू आहे. सुरुवात नदीकाठच्या ‘किंग्ज आर्म्स’ पबसमोरून होते, पण आत जावं लागत नाही. 1953 मध्ये ट्रेझरर्स हाउसच्या तळघरात काम करणाऱ्या हॅरी मार्टिंडेल या शिकाऊ प्लंबरने रोमन सैनिकांची रांग भिंतीतून निघताना पाहिली, असं त्याने पुढे सांगितलं. सैनिक गुडघ्यापासून वरच दिसत होते. जिथे जुना रोमन रस्ता खणून उघडा केला होता तिथेच त्यांचे पाय दिसले! मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी मी यॉर्कच निवडेन.

मुलं बरोबर असतील तर बाकी ठिकाणी कायदा आडवा येतो. आयर्लंडमध्ये 18 वर्षांखालच्यांना रात्री नऊनंतर बारमध्ये थांबता येत नाही, मे ते सप्टेंबर दहानंतर. अमेरिकेत पिण्याचं वय 21 आहे आणि केस पांढरे झालेल्यांनाही ओळखपत्र विचारतात, तेव्हा पासपोर्ट जवळ हवा. न पिणाऱ्यांनी संकोच करू नये. तिकिटात पेय बहुधा नसतंच, जिंजर बिअर किंवा लिंबू-सोडा घेऊन तेवढाच वेळ बसता येतं. धुराची भीतीही नको: आयर्लंडने 2004 मध्ये, स्कॉटलंडने 2006 मध्ये आणि न्यू ऑर्लीन्सने 2015 मध्ये बारमध्ये सिगारेट बंद केली. पिणाऱ्यांनी चार पबच्या टूरमध्ये अर्धा पाइंटच मागावा. पूर्ण पाइंट 568 मिलिलिटरचा असतो आणि चौथ्या पबमधली गोष्ट सहसा सगळ्यात चांगली असते.

महिना विसरू नका. जूनमध्ये एडिनबरा आणि डब्लिनला सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो. सातच्या टूरमध्ये लख्ख उन्हात भुताची गोष्ट ऐकावी लागते आणि ती रंगत नाही. तेव्हा एकतर सर्वांत उशिराची वेळ घ्या, नाहीतर ऑक्टोबरनंतर जा. डिसेंबरात एडिनबऱ्याला चारच्या आतच अंधारतं. उलट न्यू ऑर्लीन्सला उन्हाळ्यातही आठ वाजता सूर्य कललेला असतो, पण दमट उकाड्यात दोन तास चालणं सोपं नाही. तिकडे हिवाळा बरा.

तेव्हा गोष्टीवेड्याने एडिनबरा घ्यावं, साहित्यवेड्याने डब्लिन. मित्रमंडळींसोबत रात्र जागवायची तर न्यू ऑर्लीन्स, आणि वडीलधारे बरोबर असतील तर सव्हानाचे चौक. शहर आधीच ठरलेलं असेल आणि तिथल्या दोन टूरमध्ये निवड करायची असेल, तर पैसे भरण्यापूर्वी दोघांनाही एक ओळ लिहून विचारा: तुम्ही कोणत्या पबमध्ये थांबता आणि तिथे काय घडलं होतं? एकाकडून पबच्या नावासकट गोष्टीचा धागा येईल, दुसऱ्याकडून ‘थांबे उपलब्धतेनुसार बदलतात’ असं उत्तर येईल. पहिल्याला पैसे भरा.