निरीश्वरवादासाठी कुठला युक्तिवाद धरावा: पाडस की वारूळ?

'देव मानत नाही' म्हणणं सोपं आहे. 'का?' याला एकच धड उत्तर द्यायचं झालं की निवड करावी लागते. चार-पाच युक्तिवाद एकदम फेकले तर समोरचा त्यातला सर्वांत कच्चा उचलतो आणि सगळा वेळ त्यातच जातो. म्हणून इथे दोनच घेतो: दुःखाचा युक्तिवाद, आणि जगाला कर्ता आहे या अनुमानावरचा जुना भारतीय आक्षेप. चार्वाकांचं 'प्रत्यक्ष तेवढंच प्रमाण' आधीच बाजूला ठेवलं आहे. अनुमानच नाकारलं तर धूर दिसल्यावर पाण्याची बादली घेऊन धावायचीही सोय राहत नाही.

दुःखाच्या युक्तिवादाचं आजचं सर्वांत घट्ट रूप तत्त्वज्ञ विल्यम रो यांच्या १९७९च्या लेखातलं. जंगलात वीज पडते, वणवा लागतो, हरणाचं पाडस होरपळतं आणि काही दिवस तडफडून मरतं. बघायला कुणी नाही, त्यातून कुणी काही शिकत नाही. ही वेदना टाळल्याने कुठलंही मोठं भलं हुकलं असतं असं दिसत नाही. सर्वशक्तिमान आणि पूर्ण दयाळू देवाने ती टाळली असती. म्हणजे असा देव बहुधा नाही. यातला 'बहुधा' महत्त्वाचा. तत्त्वज्ञ मॅकी यांनी १९५५ साली असा देव आणि दुःख एकत्र असूच शकत नाहीत, असा थेट तार्किक विसंगतीचा दावा केला होता, त्याला ख्रिस्ती तत्त्वज्ञ प्लांटिंगा यांनी माणसाच्या इच्छास्वातंत्र्याचं उत्तर दिलं. वीज मात्र माणसाच्या इच्छेने पडत नाही, त्यामुळे पाडसापुढे ते उत्तर तोकडं पडतं.

कच्चा सांधा आहे तो 'भलं दिसत नाही' पासून 'भलं नाही' पर्यंतच्या उडीत. १९८४ साली देव मानणारे तत्त्वज्ञ स्टीफन विक्स्ट्रा यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. खोलीत हत्ती दिसत नाही म्हणजे तो नाहीच, हे बरोबर. पण गादीत ढेकूण दिसत नाही म्हणजे नाहीत, असं शपथेवर कोण सांगेल? देवाचे हेतू हत्तीसारखे असतील की ढेकणासारखे, हे ठरवायला दोन्ही बाजूंकडे काही साधन नाही.

तरीही मी या युक्तिवादापासून दूर झालो ते विक्स्ट्रांमुळे नव्हे. मराठीत हा मुद्दा काढला की दुसऱ्या वाक्याला उत्तर येतं, 'गेल्या जन्मीचं असेल.' याला शास्त्राधारही आहे. वेदान्ताचा मूळ ग्रंथ ब्रह्मसूत्र (२.१.३४) सांगतो की ईश्वर पक्षपाती किंवा निर्दय ठरत नाही, कारण तो कर्मानुसार फळ देतो. पहिल्या कर्माआधी काय होतं, असं विचारलं तर पुढचंच सूत्र सांगतं, संसार अनादि आहे. हिशेबाची वही पहिल्या पानापासून तपासायची सोयच नाही, कारण पहिलं पानच नाही. 'ईश्वर कर्मावर अवलंबून असेल तर त्याचं स्वातंत्र्य कुठे राहिलं?' हा मीमांसक कुमारिल भट्टांचा (वेद मानणारे, पण जगत्कर्ता न मानणारे) टोला चोख आहे, पण तो मारेपर्यंत चर्चा पुनर्जन्मात शिरलेली असते. शिवाय पाडसाच्या जागी माणसाचं मूल ठेवलं तर समोरच्याला 'त्याने भोगायचंच होतं' असं म्हणावं लागतं, आणि दुखावलेल्या माणसापुढे हे वाक्य उच्चारायला लावणारा युक्तिवाद मला नकोसा होतो.

आता वारूळ. 'देवाची करणी आणि नारळात पाणी' ही म्हण म्हणजे नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांच्या, अनुमानाची घरगुती आवृत्ती आहे. अंकुर वगैरे गोष्टींना कर्ता आहे, कारण त्या कार्य, म्हणजे उत्पन्न झालेल्या वस्तू, आहेत, घटासारख्या. नैयायिक उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वरसिद्धीची जी कारणं मांडली, त्यांत हे पहिलं. अशा अनुमानावर बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीने उदयनांच्या आधीच प्रमाणवार्तिकात विचारलं होतं: घट हा मातीचा विकार आणि तो कुंभाराने केला, एवढ्यावर सिद्ध होत असेल तर वारूळही मातीचाच विकार, तेही कुंभारानेच केलं म्हणायचं का? शब्द एक असला म्हणून व्याप्ती ('जिथे हे तिथे ते' हा नियम) एक होत नाही. कुंभार घट करताना आपण पाहिला, म्हणून घटावरून कुंभार. डोंगर होताना कुणी पाहिला?

वापरताना क्रम सांभाळावा. आधी समोरच्याकडून अनुमान पूर्ण वदवून घ्या: पक्ष (ज्याबद्दल सिद्ध करायचं ते), हेतू (कारण), दृष्टांत (उदाहरण). मगच वारूळ काढा. अंकुराचं उदाहरण आपणहून देऊ नका. 'अंकुराला कर्ता दिसत नाही' म्हटलं की नैयायिक म्हणतो, तो तर वादाचाच विषय, म्हणजे पक्षातच आहे, त्याने व्यभिचार, म्हणजे नियमाला अपवाद, दाखवता येत नाही. वारुळाला ही पळवाट नाही, कारण ते कुंभाराने केलेलं नाही हे दोघांनाही मान्य आहे.

'मग वाळवी कर्तीच ना?' असं हमखास येतं. येऊ द्यावं. न्यायदर्शनातल्या कर्त्याला उपादानाचं (ज्यातून वस्तू घडते त्या द्रव्याचं) ज्ञान, करण्याची इच्छा आणि प्रयत्न लागतात. वाळवीकडे आराखडा नसतो. आधी ठेवलेली मातीची गोळी पुढच्या गोळीची जागा सुचवते. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ पिएर-पॉल ग्रासे यांनी १९५९ साली याला 'स्टिग्मर्जी' हे नाव दिलं. आराखड्याशिवाय रचना उभी राहते, आणि निसर्गवादाला, म्हणजे जग निसर्गाच्या नियमांनीच चालतं या मताला, एवढंच हवं असतं. नारळाचंही तसंच. शहाळ्यातलं पाणी हा बीजाचा द्रवरूप पोषक भाग असतो. त्यात केंद्रकं पेशीभित्तीशिवाय वाढत असतात. सहा-सात महिन्यांनंतर भित्ती तयार होऊन करवंटीला आतून खोबरं धरू लागतं, आणि गोट्यापर्यंत पाणी आटलेलं असतं.

माझ्या आवडत्या बाजूची उणीवही सांगायला हवी. वारूळ ईश्वराचं अनुमान पाडतं, ईश्वर नाही असं सिद्ध करत नाही. सांख्यदर्शनाच्या सांख्यसूत्रात 'ईश्वरासिद्धेः' (ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून) असं आहे. त्यावर भाष्यकार विज्ञानभिक्षूने म्हटलंच की अभाव सांगायचा असता तर 'ईश्वराभावात्' (ईश्वर नाही म्हणून) लिहिलं असतं. शिवाय ईश्वर नाकारणं आणि निसर्गवाद एक नव्हेत. कुमारिलाने जगत्कर्ता नाकारला तो वेद अपौरुषेय, म्हणजे कुणीही न रचलेले, ठेवण्यासाठी. सरळ 'नाही' म्हणायचंच असेल तर पाडसाकडे यावं लागेल, निदान पूर्ण दयाळू देवाबाबत तरी.

समोरचा ख्रिस्ती परंपरेतला असेल, किंवा पुनर्जन्म मानत नसेल, तर पाडसापासून सुरुवात करायला माझी हरकत नाही. घरच्या ओसरीवर मात्र मी वारूळच काढेन. तिथे 'सिद्ध करून दाखवा' हे म्हणायची पाळी आपली असते.