बेसाल्टच्या लेण्यांत डिस्टोएक्स-२ : तीन वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

सह्याद्रीतल्या लेण्यांची आणि पाण्याच्या टाक्यांची मापे घेऊन त्यांचे नकाशे काढणे हे आम्हा चार मित्रांचे गेल्या सात वर्षांचे सुट्टीच्या दिवसांचे काम आहे. पहिली चार वर्षे आमची सगळी भिस्त ३० मीटरच्या टेपवर आणि सुंटोच्या होकायंत्रावर व उतारमापकावर होती. गेली तीन वर्षे आम्ही डिस्टोएक्स-२ हे लेझरचे मोजणीयंत्र वापरतो. या उपकरणाबद्दल जे वाचायला मिळते ते बहुतेक चुनखडीच्या गुहांत काम करणाऱ्यांनी लिहिलेले असते. आपल्याकडचा खडक बेसाल्ट, म्हणजे थंड झालेल्या लाव्हाचा काळा कातळ आहे आणि त्यामुळे उपकरणाची पारखच वेगळ्या अंगाने करावी लागते, म्हणून हा अभिप्राय जरा विस्ताराने लिहीत आहे.

डिस्टोएक्स-२ मुळात एक्स३१० हे लायका कंपनीचे, बांधकामाच्या जागेवर वापरले जाणारे लेझर अंतरमापक आहे. स्वित्झर्लंडच्या बीट हीब यांनी त्याच्या आत नेमके बसेल असे वेगळे सर्किट तयार केले. मूळ सर्किट काढून ते बसवले की तेच मुठीत मावणारे यंत्र अंतराच्या जोडीला दिशा आणि चढ-उताराचा कोनही मोजते आणि तिन्ही आकडे ब्लूटूथने फोनवर पाठवते. फोनवर टोपोड्रॉइड हे मोफत अ‍ॅप लागते. एकाच बिंदूवर लागोपाठ तीन वेळा नेम धरला की अ‍ॅप ती दोन स्थानकांमधली (म्हणजे मोजणीसाठी ठरवलेल्या बिंदूंमधली) मुख्य रेषा समजते, आणि सुटे नेम भिंत, छत, कोनाडा यांच्या मापांत जमा होतात. म्हणजे मोजणाऱ्याला तोंडाने आकडे ओरडावे लागत नाहीत आणि लिहिणाऱ्याला ते अंधारात वहीत उतरवावे लागत नाहीत. ‘सत्तावीस’ ऐकले की ‘सदतीस’ या एका शंकेपायी पूर्वी आम्ही कितीतरी मापे पुन्हा घेतली आहेत.

वेळेची बचत सर्वांत जास्त जाणवते ती टाक्यांत आणि बसक्या खोल्यांत. टेपच्या दिवसांत आमच्यातला एक जण टेपचे टोक दातांत धरून कोपरांवर सरकत आत जात असे, बाहेरचा टेप ताणत असे, आणि मध्ये कुठे तरी दगडाला अडकून ती वाकडी झाली की माप चुकत असे. आता टाक्याच्या तोंडाशी बसून पलीकडच्या भिंतीवर लाल ठिपका टाकला की काम झाले. पूर्वी एका खोलीत आठ-दहा मापे घेऊन आम्ही पुढे जात होतो. आता तेवढ्याच वेळात चाळीस-पन्नास होतात, आणि भिंतीचा फुगवटा किंवा छताचा उतार अंदाजाने रेखाटावा लागत नाही.

अंतराच्या बाबतीत माझी कसलीच तक्रार नाही, कारण चूक मिलिमीटरांत राहते. कोनाची अचूकता अर्ध्या अंशाच्या आसपास धरली जाते. अर्ध्या अंशाची चूक १० मीटरवर सुमारे ९ सेंटिमीटर भरते आणि हाती धरून वापरायच्या यंत्राकडून याहून जास्त अपेक्षा करू नये. चुनखडीत हे आकडे खरे उतरतात, कारण तो खडक होकायंत्राला ओढत नाही. मेघालयातल्या क्रेम लियाट प्राहसारख्या ३० किलोमीटरहून लांब गुहेचा नकाशा होकायंत्राच्या आधारे जुळवता येतो तो त्यामुळेच. आपल्या दख्खनच्या पठारावर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्हात मात्र मॅग्नेटाइटचे कण आहेत, आणि थंड होताना त्या कणांनी तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली आहे. सह्याद्रीतल्या बऱ्याच थरांत तर ती आजच्या साधारण उलट आहे. अशा खडकात कोरलेल्या खोलीत उभे राहिले की चारी बाजूंनी, डोक्यावरून आणि पायांखालून हा चुंबकीय ओढा असतो.

याची पुरती जाणीव आम्हाला जुन्नरजवळच्या तुळजा लेण्यांत झाली. तिथले गोल चैत्यगृह ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याचे अप्रूप वेगळे सांगायला नको : मध्ये साधा स्तूप, त्याभोवती १२ अष्टकोनी खांबांचे कडे, वर घुमटासारखे छत, आणि खांब व भिंत यांच्यामधून प्रदक्षिणेची वाट. मोजणीसाठी मात्र ही जागा अवघड आहे. स्तूप मधोमध असल्यामुळे केंद्रात उभे राहून चौफेर मापे घेता येत नाहीत. वाटेने स्तूपाला फेरी घालूनच काम करावे लागते. पहिल्याच रेषेवर एका स्थानकावरून पुढची दिशा २१४ अंश आली. पुढच्या स्थानकावरून उलट पाहिले तर ती ३४ यायला हवी होती, आली ३८. तीनदा नेम धरला, तिन्ही वेळा ३८ आणि एका अंशाच्या आतले फरक. चार मीटरच्या रेषेवर चार अंश म्हणजे सुमारे २८ सेंटिमीटर, वीतभराहून जास्त. ज्या दालनात १२ खांब एका वर्तुळावर इतक्या काटेकोरपणे उभे केले आहेत, तिथे वीतभर सरकलेला खांब नकाशात दाखवणे हा कोरणाऱ्यांवर अन्याय झाला असता.

आम्ही आधी उपकरणालाच दोष दिला. हेडलॅम्प दूर ठेवले, फोन दुसऱ्याच्या हाती दिला, पोलादी काड्यांचा चष्मा काढून पाहिला, तरी आकडा हलला नाही. शेवटी आमच्यातल्या सिव्हिलचा डिप्लोमा केलेल्या मित्राला पहिल्या वर्षाच्या सर्व्हेइंगमधले ‘स्थानिक आकर्षण’ आठवले, आणि तिथून आमची पद्धत बदलली. खडकाचा ओढा एका जागी जितका असतो तितकाच तो त्या जागेवरून घेतलेल्या प्रत्येक दिशेत मिसळतो. म्हणून एकाच स्थानकावरून मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही स्थानकांवर नेम धरायचा आणि दोन दिशांची वजाबाकी करायची; ओढा दोन्हीकडे सारखा असल्यामुळे तो वजाबाकीत निघून जातो आणि हाती उरतो तो त्या स्थानकावरचा खरा कोन. आठ स्थानकांची फेरी बंद झाली की आतल्या कोनांची बेरीज १०८० अंश यायला हवी. आमची १०८१ आली. नुसत्या दिशांवर विसंबून जुळवलेल्या फेरीची दोन टोके एकमेकांपासून ४६ सेंटिमीटर दूर पडत होती. कोनांवरून जुळवल्यावर हे अंतर ७ सेंटिमीटरवर आले. संपूर्ण नकाशाची उत्तर दिशा तर आम्ही लेण्याच्या आत ठरवतच नाही. कड्यापासून लांब, उघड्या शिवारातून लेण्याच्या तोंडाकडे पाहून ती घेतो.

या पद्धतीची एक अट आहे आणि ती उपकरणाच्या घडणीतून येते. डिस्टोएक्सचे माप त्याच्या मागच्या कडेपासून धरले जाते, त्यामुळे कड स्थानकावर टेकवून यंत्र मागे-पुढे फिरवले की आतला चुंबकीय संवेदक चांगला दहा-पंधरा सेंटिमीटर जागा बदलतो. भिंतीला खेटून काम करत असाल तर तेवढ्या अंतरात ओढाही बदलतो आणि वजाबाकीचे गणित बिघडते. आम्ही वेळूच्या काठीच्या टोकाला लाकडी ठोकळा बसवून घेतला आहे. लोखंडी खिळा न वापरता सुताने बांधलेला. यंत्र त्यावर ठेवून जागच्या जागी फिरवतो आणि भिंतीपासून निदान हातभर दूर राहतो. चुंबकीय क्षेत्र नेहमीपेक्षा वेगळे दिसले की टोपोड्रॉइड त्या वाचनावर खूण करते. चुनखडीत असे वाचन टाकून द्यावे. बेसाल्टमध्ये निम्म्याहून अधिक वाचनांवर ती खूण येते, म्हणून आम्ही तिचा उपयोग खडक कुठे जास्त ओढतो हे कळण्यापुरता करतो.

उपकरणाचे जुळवणे (कॅलिब्रेशन), म्हणजे त्याच्या संवेदकांची चूक शोधून दुरुस्त करणे, हा वेगळा आणि कष्टाचा भाग आहे. १४ दिशांना नेम धरून, प्रत्येक दिशेत यंत्र चार बाजूंनी फिरवून अशी ५६ वाचने घ्यावी लागतात, आणि जवळपास लोखंड किंवा उघडा कातळ नको. आम्ही हे काम ओतूरच्या वाटेवरच्या एका काढणी झालेल्या कांद्याच्या वावरात करतो. तिथल्या आजींनी पहिल्या वेळी बराच वेळ बांधावरून पाहिले आणि मग विचारले, “पोरांनो, वर आभाळाकडं काय मोजताय रं?” आम्ही लेण्यांचे सांगितल्यावर त्यांनी आपल्या लहानपणी तुळजाईला पायी जायची वाट सांगितली. ती वाट नंतर आम्ही चालून नकाशात घेतली. आता तिच्यावर करवंदीची जाळी माजली आहे.

मागच्या वर्षी एकदा ही जुळवणी काही केल्या होईना. सरासरी चूक अर्ध्या अंशाखाली यायला हवी, ती दोनच्या खाली येत नव्हती. कारण बॅटरीत निघाले. साध्या पेन्सिल सेलचे पोलादी कवच होकायंत्राला चालत नाही, म्हणून या उपकरणात लिथियम-पॉलिमरची बॅटरी बसवतात. आमची जुनी झाली तेव्हा आम्ही एका दुकानातून त्याच मापाची दुसरी आणली, आणि तिच्या टोकांच्या पट्ट्या चुंबकाला चिकटणाऱ्या होत्या. बॅटरी घेताना सोबत छोटे चुंबक न्यावे आणि दुकानातच लावून पाहावे.

बाकीच्या उणिवा लवकर सांगून होतील. लाल ठिपका उन्हात दिसत नाही, त्यामुळे लेण्याच्या ओसरीतली मापे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी घ्यावी लागतात. पाण्याने ओल्या काळ्या भिंतीवर आणि टाक्यातल्या पाण्यावर माप कधी येते, कधी येत नाही. तिथे पांढरे कार्ड धरावे. भिंतीवर खडू, रंग किंवा खिळा यांनी स्थानकाची खूण करण्याचा विचारही करू नये. जुन्नरची लेणी प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्याखाली संरक्षित आहेत, आणि आम्ही तर असंरक्षित टाक्यांतही खांबाची घडीव कड किंवा छिन्नीचा ठळक घाव यालाच स्थानक मानतो व त्याचे छायाचित्र वहीत जोडतो. संरक्षित ठिकाणी काम करण्याआधी परवानगीचे पत्र घ्यावे. यंत्र हातात पाहून पहारेकरी विचारतात, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे.

नकाशा अजूनही हातानेच काढावा लागतो, हे मला महत्त्वाचे वाटते. यंत्र बिंदू देते. कोनाड्याची कमान, अर्धवट सोडलेला ओटा, पाणी जायची पन्हळ हे कागदावर उतरवणारा माणूस तिथे बसलेला असावा लागतो. आमच्या चौघांत एक जण फक्त रेखाटन करतो आणि मोजणी त्याच्या गतीने चालते. हे न पाळता भराभर शेकडो बिंदू घेऊन घरी आलेल्या एका रविवारी आम्हाला एकही भिंत ओळखू आली नव्हती, आणि पुन्हा चढून जावे लागले.

घेणाऱ्यांसाठी शेवटची माहिती. एक्स३१० चे उत्पादन बंद झाले आहे, त्यामुळे डिस्टोएक्स-२ आता वापरलेलेच मिळेल. सर्किट बदलताना खोके उघडलेले असते, म्हणून पाण्यापासूनचे संरक्षण हे जुळणी करणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहे. कडेचे रबर आणि स्क्रू नीट पाहावेत. फक्त खोल्यांची लांबी-रुंदी हवी असेल तर हार्डवेअरच्या दुकानातले साधे लेझर आणि कर्णांची मापे पुरतात, आणि बेसाल्टमध्ये आयताकृती खोलीसाठी तीच वाट जास्त भरवशाची आहे. गोल, वाकडी किंवा एकात एक शिरलेली दालने मोजायची असतील तर डिस्टोएक्स घ्यावे, पण सगळे पैसे देण्याआधी ते एका मोकळ्या वावरात न्यावे, ५६ वाचने स्वतः घ्यावीत, आणि चूक अर्ध्या अंशाखाली आली तरच व्यवहार पुरा करावा.