दारावर विकली जाणारी ‘वीज बचत डबी’: टाँग टेस्टरच्या आकड्याला भुलू नका

उन्हाळ्यात बिलं फुगली की हे विक्रेते सोसायट्यांमधून फिरू लागतात. गळ्यात ओळखपत्र, हातात ट्यूबलाइट बसवलेला बोर्ड, आणि ‘महावितरणची मान्यता आहे’ हे पालुपद. पांढरी डबी कुठल्याही प्लगमध्ये खोचा, बिल ३०-४० टक्के कमी! हिशेबी माणसंही यात फसतात, कारण आकडा त्यांच्या डोळ्यांदेखत खाली येतो. मुख्य म्हणजे तो आकडा खोटा नसतो.

बोर्डवर जुन्या जड चोकची ४० वॅटची ट्यूब असते. वायरीला टाँग टेस्टर (वायरीभोवती पकडून करंट मोजणारा चिमटा-मीटर) लावला की साधारण ०.४३ अँपिअर दिसतात. डबी लावली की ०.२५. ‘बघा काकू, जवळजवळ निम्मी वीज वाचली!’

वाचलेलं काहीच नसतं. चोक थोडा करंट घेतो आणि लगेच मागे ढकलतो. ही नुसती ये-जा, तिच्यातून उजेड पडत नाही. डबीतला कपॅसिटर (चार्ज साठवून परत देणारा भाग) ती ये-जा आपल्यापाशीच भागवतो, म्हणून मागच्या वायरीतला करंट उतरतो. ट्यूब मात्र चोक धरून ५५ वॅट खात होती, तेवढेच खात राहते. घरगुती बिल युनिटवर, म्हणजे किलोवॅट-तासावर येतं. टाँग टेस्टर दाखवतो फक्त अँपिअर. सगळी फसवणूक या फटीत आहे. जुना चोकही मुद्दाम निवडलेला असतो, कारण ४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्याला नेमका पुरतो. त्याच बोर्डवर इस्त्री लावायला सांगा, आकडा हलणार नाही. नुसता ९ वॅटचा एलईडी लावला तर करंट उलट वाढतो.

डबी उघडली की आत एक छोटा कपॅसिटर, दोन-तीन रेझिस्टर, डायोड आणि हिरवा दिवा. बहुतेक डब्यांत एवढंच. ‘कारखाने हेच वापरतात’ हे वाक्य मात्र अर्धं खरं आहे. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचं (मोठे कारखाने वगैरे) बिल एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे किलोव्होल्ट-अँपिअर-तासावर येतं, त्यात ही ये-जाही धरली जाते. म्हणून ते कपॅसिटर बँक बसवतात, तीही लोड मोजून. आपल्या घरच्या बिलाला हे लागू नाही.

खात्री करायची तर विक्रेत्याला मीटरपाशी न्या. घरातली बाकी सगळी बटणं बंद करा, फक्त त्याचा बोर्ड चालू ठेवा. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती पल्स (लुकलुकी) ते छापलेलं असतं. ३२०० असेल तर ५५ वॅटला साधारण २० सेकंदांनी एक लुकलुक, म्हणजे दहांना सुमारे ३ मिनिटं २५ सेकंद. डबी काढून मोजा, लावून मोजा. वेळ तीच येते. बहुतेक विक्रेते या चाचणीला थांबतच नाहीत.

‘तीन महिन्यांत फरक नाही पडला तर पैसे परत’ या हमीतही मेख आहे. ऑक्टोबरात डबी घेतली की डिसेंबरचं बिल तसंही उतरतं. पंखे, एसी बंद झालेले असतात. तुलना मागच्या महिन्याशी करू नका, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या युनिटशी करा. मागचा वापर बिलावरच छापलेला असतो.

घेतली असेल तर काढून ठेवा. स्वस्त कपॅसिटर तापतो, फुगतो, आणि फ्यूज नसेल तर प्लगपाशीच जळतो. काढल्यावर लगेच पिनांना हात लावू नका, आतला चार्ज झटका देऊ शकतो. फेकू मात्र नका. डबी, खोका, ‘४० टक्के बचत’ छापलेलं पत्रक आणि यूपीआयची नोंद हाच तुमचा पुरावा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. दाद लागली नाही तर तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

बिल खरंच उतरवायचं असेल तर तेच पैसे पंख्यात घाला. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा सुमारे ३०. रोज दहा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला साडेतेरा युनिट वाचतात, आणि ते मीटरवर दिसतात.