वापरलेला प्रायमर काढायला ली युनिव्हर्सल डाय, हातातला डिप्रायमर की ठोकायचा संच?

उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा भरायची, तर आधी तिच्या तळातला वापरलेला प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी, काढावा लागतो. दांडा ओढून चालवायच्या प्रेसमध्ये बसणारा, पुंगळीला मूळ आकार देणारा साचा म्हणजे सायझिंग डाय; तो जाता जाता जुना प्रायमरही काढतो. मग त्यासाठी वेगळं अवजार कशाला? कारण नेमबाजीच्या रेंजवरून उचललेल्या पुंगळीला वाळू चिकटलेली असते. ती तशीच सायझिंग डायमध्ये दाबली की डायला ओरखडे पडतात, आणि तेच ओरखडे पुढच्या प्रत्येक पुंगळीवर उमटतात. आधी पाण्यात टम्बल करावं, म्हणजे फिरत्या डब्यात घोळवावं, तर प्रायमरमागे ओल राहते, तो गंजतो आणि खड्ड्यात घट्ट बसतो. म्हणून आधी प्रायमर काढायचा, मग स्टीलच्या पिना घालून धुवायचं, म्हणजे प्रायमरचा खड्डाही साफ होतो.

अमेरिकेतल्या ली प्रिसिजनचा युनिव्हर्सल डिकॅपिंग डाय नेमकं एवढंच काम करतो. पुंगळीच्या भिंतीला तो टेकतच नाही, त्यामुळे वंगण लावायची गरज नाही. 9 मिमी असो, .223 असो की .30-06, डाय तोच राहतो, फक्त पुंगळीची कड धरणारा शेल होल्डर बदलायचा. याची खरी करामत प्रायमर ढकलणारी पिन आवळून धरणाऱ्या कड्यात, म्हणजे कॉलेटमध्ये आहे. खाली काही कडक लागलं तर पिन मोडत नाही, वर सरकते. मात्र कॉलेट सैल राहिलं तर साध्या प्रायमरलाही पिन माघार घेते, आणि लोक डायलाच नावं ठेवतात. पिनेवरचं तेल पूर्ण पुसा, दोन पान्यांनी कॉलेट करकचून आवळा, तक्रार संपते. पिन प्रायमर सुटून पडेल इतकीच खाली आणायची, जास्त नाही.

लष्करी 5.56 किंवा 7.62 पुंगळ्यांत प्रायमरभोवती धातू दाबून बसवलेला असतो, त्यामुळे प्रायमर निघताना हाताला जोर लागतो. त्याला प्रेसचा दांडाच हवा. प्रायमर निघाल्यावर खड्ड्याची ती कडा स्वेज (दाबून सपाट) किंवा रीम (कापून साफ) केल्याशिवाय नवा प्रायमर सरळ बसत नाही.

फ्रँकफर्ड आर्सेनलचा हातात धरून दाबायचा डिप्रायमर दिसायला देखणा, वापरायला सुटसुटीत. प्रेस नको, शेल होल्डर नको; पुंगळीच्या मापाचं कॉलेट लावा, पुंगळी चढवा, दाबा. निघालेले प्रायमर नळीत जमा होतात, ही सोय प्रेसवाल्यांना हेवा वाटावी अशी. पण दाब सगळा मनगटाचा. शंभर-दीडशे पिस्तुलाच्या पुंगळ्यांना ठीक; लष्करी पितळेचं पोतं समोर असेल तर या वाटेला जाऊ नका.

ठोकायचा पंच आणि खालचा ठोकळा स्वस्त असतो, पण प्रत्येक मापाला वेगळा घ्यावा लागतो. रायफलच्या एकाच मापाची पुंगळी वापरणाऱ्याला चालेल. बाकीच्यांनी पैसे डायसाठी राखावेत.

पिना मोडण्याची, किंवा लीच्या डायमध्ये वर सरकण्याची, दोन कारणं नेहमीची. पहिलं, बर्डन पुंगळी. तिच्या तळाशी मधोमध एक भोक नसून बाजूला दोन बारीक भोकं असतात, आणि पिन सरळ धातूवर आदळते. लोहचुंबकाला चिकटणाऱ्या पोलादी पुंगळ्या बहुतेक बर्डनच निघतात, त्या आधी बाजूला काढा. पितळी असेल तर टॉर्च मारून आत बघा. दुसरं कारण बारीक फ्लॅश होल, म्हणजे प्रायमरची ज्वाला आत जाण्याचं भोक. नेहमीचं भोक साधारण 2 मिमी, पण 6 मिमी पीपीसीसारख्या काही अचूक नेमाच्या पुंगळ्यांत ते 1.5 मिमी असतं. नेहमीची पिन त्यात अडकते, बारीक पिन वेगळी घ्यावी लागते.

कधी प्रायमर पिनेला चिकटून पुन्हा वर खड्ड्यात ओढला जातो. पिनेचं टोक किंचित गोलसर घासलं की बहुधा हे थांबतं. कधी पिन प्रायमरचा तळ फोडून आरपार जाते आणि नुसतं कडं आत राहतं; गंजलेल्या प्रायमरांत हे हमखास.

प्रायमरच्या राखेत शिसं असतं. जमलेला डबा कोरडा झटकू नका, काम संपल्यावर हात साबणाने धुवा, जेवणाच्या टेबलावर हा उद्योग नको. न उडालेला प्रायमर पंचाने कधीच ठोकायचा नाही, आणि डोळ्यांवर चष्मा सदैव. भारतात दारूगोळा भरण्यासाठी शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, त्यामुळे ही खरेदी अमेरिकेसारख्या ठिकाणच्या, परवानगी असलेल्या मंडळींसाठीच.