उत्तरेच्या बाल्कनीत ब्लीडिंग हार्ट वेल: चारही ऋतू पाहिल्यावरचं मत

सावलीत फुलते म्हणून नर्सरीत जे जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं सावलीत नुसतं जगतं. घोडबंदर रोडवरच्या एका नर्सरीने ‘सेमी शेडमध्ये मस्त फुलेल’ असं सांगून मला गोकर्ण दिली. पावसाळा सरला तरी एक कळी नाही. बदलून मागायला गेले तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, ऊन कमी पडलं असेल.’ अहो, ऊन कमी आहे हे सांगूनच तर वेल मागितली होती! पैसे परत नाहीत, रोप बदलून नाही. तो राग अजून गेलेला नाही, आणि हे सगळं लिहायला बसले ते त्याच रागापोटी.

आमची बाल्कनी पहिल्या मजल्यावर, तोंड उत्तरेला, समोर दुसरा टॉवर. ठाण्यात निम्म्या सोसायट्यांत हेच रडगाणं असणार. मधुमालती लावून पाहिली. ती उजेड शोधत सरळ वर गेली आणि पांढरे, गुलाबी, लाल घोस लागले ते वरच्या काकूंच्या ग्रिलवर. पाणी-खत आमचं, फुलं त्यांची. पांढऱ्या पट्ट्यांचा मनीप्लांट आणला, तर कमी उजेडात नवी पानं साधी हिरवीच यायला लागली. कळलावी आपल्या सह्याद्रीतली, रंगाला तोड नाही, पण अख्खी वेल विषारी आणि घरात रांगणारी नात. तो विषय तिथेच संपला.

मग आणली ब्लीडिंग हार्ट, शास्त्रीय नाव क्लेरोडेंड्रम थॉमसोनी. मूळची पश्चिम आफ्रिकेच्या उष्ण पट्ट्यातली, पण कुळ आपल्या तुळशीचं. पावसाळ्यात आपण जिची भाजी करतो ती भारंगीसुद्धा पूर्वी हिच्याच वंशात गणली जायची. दीडशे रुपयांना मिळाली, तीही फुलावर असलेली.

हिचं सगळं मोल आहे त्या पांढऱ्या टोपीत. शाळेत शिकलो तो निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांखालचं आवरण, बाकीच्या फुलांत हिरवा आणि कुणाच्या खिजगणतीत नसलेला. हिच्यात तोच पांढराशुभ्र, फुगीर, पाच कोनांचा, आणि त्याच्या तोंडातून लाल फूल बाहेर डोकावतं. लाल फूल थोड्या दिवसांत गळतं. पांढरी टोपी मात्र कितीतरी आठवडे तशीच राहते आणि पुढे हळूहळू जांभळट-गुलाबी होत जाते. म्हणजे एकाच वेळी वेलीवर लाल-पांढरे नवे घोस आणि गुलाबी जुने घोस. जास्वंदीचं फूल संध्याकाळी मिटतं, इथे पैशाची पुरेपूर वसुली आहे. सावलीत फुलं मुळातच कमी येतात, म्हणून जे येईल ते टिकणारं हवं. मला तरी वेल निवडताना हा एकच निकष महत्त्वाचा वाटतो. या टोप्यांचा एक त्रास आहे: शेवटी त्या तपकिरी, कागदासारख्या होतात आणि आपणहून लवकर गळत नाहीत. कात्रीने काढाव्या लागतात. मी रोज काढते. न काढता वेल अस्वच्छ दिसते, आणि मला ते बघवत नाही.

जानेवारीत विचारलं असतं तर मी हिला पाचपैकी दोनच गुण दिले असते. पानं पिवळी पडून गळायला लागली, वेल काड्यांवर आली. पुन्हा नर्सरीत भांडायला जायच्या बेतात होते. माळीकाका म्हणाले, ‘ताई, खत घालू नका, पाणी अर्ध्यावर आणा आणि गप्प बसा.’ फेब्रुवारीअखेर त्यांनीच दोन-तीन डोळे ठेवून छाटली. मार्चमध्ये प्रत्येक डोळ्यातून फूट निघाली. ही फुलते ती नव्या फुटीवर, त्यामुळे ती छाटणी हवीच होती. मत तिथे बदललं.

आणि तेव्हाच उन्हाचं गणितही लक्षात आलं. 21 मार्चच्या आसपासपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो, म्हणजे उत्तरेच्या बाल्कनीतही सकाळचं तिरपं ऊन येतं. ठाणं साधारण 19 अंश अक्षांशावर, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत तर दुपारचा सूर्यसुद्धा जरासा उत्तरेला असतो. डिसेंबरात मात्र उन्हाचा कवडसाही नाही. ही वेल नेमकी त्याच अंधाऱ्या महिन्यांत झोपते. गोकर्णीला हे सकाळचं तासाभराचं ऊन पुरत नाही, हिला पुरतं. ‘सेमी शेड’ म्हणून बोळवण करण्यापेक्षा नर्सरीवाल्यांनी ग्राहकाला एवढंच विचारावं: बाल्कनीचं तोंड कुठे, समोर काय, ऊन कोणत्या महिन्यात?

देखभाल फार नाही. ही भिंतीला चिकटत नाही, वेढे घेत चढते, म्हणून ग्रिलला सुतळी बांधली. आधाराची महागडी काठी, म्हणजे मॉस स्टिक, घ्यायची गरज नाही. मातीत शेणखत आणि कोकोपीट, कुंडीची भोकं मोकळी. आपल्याकडच्या पावसात कुंडीत पाणी साठलं तर मुळं कुजतात, तेव्हा खालची ताटली जूनमध्येच काढून ठेवा. पिठ्या ढेकूण येतो, पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला की पाण्यात थोडं निंबोळी तेल आणि साबणाचे थेंब टाकून संध्याकाळी फवारायचं. उशीर केला तर कळ्या चिकट होऊन गळतात.

बाल्कनीला पेर्गोला असेल, छत उंच असेल, तर थनबर्गिया मायसोरेन्सिस ही वेल बघा. पिवळ्या-तांबूस फुलांच्या लांब माळा खाली लोंबतात आणि शिंजीर पक्षी येतात. दक्षिणेकडच्या घाटातली आहे, अर्धी सावली चालते. आमच्या ग्रिलवर तिच्या माळा जमिनीला टेकतील, म्हणून मी घेतली नाही.

ब्लीडिंग हार्ट घ्यायची तर जून-जुलैत घ्या, फुलावर असलेलीच निवडा. नोव्हेंबरनंतर घेतलीत तर दुकानदार पानगळीचं खापर तुमच्यावर फोडेल. छाटलेल्या काड्या फेकू नका, अर्धवट निबर काडीचं कलम लागतं. आमच्या छाटणीतली दोन वरच्या काकूंना दिली आहेत. मधुमालती काढून टाका म्हणाले तर ‘राहू दे’ म्हणाल्या.