दोन सरडे, दोन पेट्या, एक पावसाळा: प्लायच्या पेटीचा वर्षभराचा अनुभव

आधी हिशेब सांगते, कारण बघायला येणारे सगळे तेच विचारतात. दोन पेट्या, एकेक चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. खर्च 29,400 रुपये. त्यातले 11,600 नुसत्या दोन ट्यूबचे. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात दोन शेरडं आली असती, दूध तरी दिलं असतं."

सरडे माझे नाहीत. पोरगा बेंगळूरला नोकरीला लागला, पीजीवाल्याने जनावर चालणार नाही म्हणून सांगितलं, आणि गेल्या संक्रांतीला साहेब दोन बिअर्डेड ड्रॅगन (दाढीवाले सरडे) घेऊन बेळगावच्या वडगावात हजर. गुंडप्पा आणि काळ्या. "आई, थोडे दिवस सांभाळ" म्हणाला. ते थोडे दिवस अजून चालूच आहेत. गल्लीत बातमी पसरली की साड्यांचे माग सोडून यांनी घोरपडी पाळल्यात, आता फॉरेस्टवाले येणार. घोरपड पाळणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे, म्हणून लोक घाबरले ते बरोबर. पण ही जात मूळची ऑस्ट्रेलियातली, आणि हे दोघे ब्रीडरकडे जन्मलेले. त्याची पावती मी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलीय.

पहिली चूक तयार टाकीची. एका दुकानात (नाव लिहीत नाही) तीन फुटी काचेची टाकी 6,500 ला घेतली. "दोघं आरामात राहतील" असं तिथल्या पोराने छातीठोक सांगितलं. आठ दिवसांत गुंडप्पा काळ्याच्या पाठीवर चढून बसायला लागला. मला वाटलं प्रेम आहे. पोरगा फोनवर ओरडला, "आई, ते प्रेम नाही, तो उबेच्या दिव्याखालची जागा अडवतोय." दोघंही नर. काळ्याच्या शेपटीचं टोक गेलं तेव्हा कळलं की दोघांना एका घरात ठेवायचं नसतं. टाकीचा दुसरा त्रास म्हणजे काचेत स्वतःचंच रूप दिसायचं, आणि काळ्या दिवसभर काचेवर पाय मारत, दाढी, म्हणजे गळ्याखालची कातडी, कोळशासारखी काळी करून उभा. तिसरा त्रास थंडीचा. जानेवारीत आमच्याकडे पहाटे चांगलाच गारठा असतो. लाइट गेली की अर्ध्या तासात टाकी बर्फ.

म्हणून प्लाय. एका पेटीला आठ बाय चार फुटांची 19 मिलिमीटर मरीन प्लायची एक शीट घ्या. चार बाय दोनचे चार तुकडे पडतात: तळ, छप्पर, पाठ, आणि चौथ्याचे मधून दोन करून दोन बाजू. पुढे काच. करवतीचा भुसा सोडला तर काही वाया जात नाही. हे गणित मिस्त्रींना कागदावर काढून दाखवलं तर म्हणाले, "कशाला ओ वहिनी, सरड्याला मरीन प्लाय? आमच्या घरात सुद्धा नाही की." पण साधी प्लाय आमच्या पावसात फुगते. ज्यांच्या घरी सनमायकाच्या कपाटाचं दार श्रावणात लागत नाही त्यांना हे सांगायला नको.

मिस्त्रींचं काम दहापैकी सात. जोड घट्ट, कोपऱ्यात सिलिकॉन नीट भरलेलं. काच सरकवायला त्यांनी लाकडातच खाच पाडायचं ठरवलं होतं, मी अडून बसले आणि स्लायडिंग खिडकीचा ॲल्युमिनियमचा ट्रॅक लावून घेतला. तीन मार्क कापले ते दोन गोष्टींसाठी. आत पाण्यातलं पॉलिश मारा म्हणून सांगितलं होतं, त्यांनी हाताशी होतं ते थिनरवालं मारलं. "दोन दिवसांत वास जातोय की." तीन आठवडे पेट्या गच्चीवर मेच्या उन्हात उघड्या ठेवल्या, तेव्हा कुठे गेला.

दुसरी गोष्ट होल्डरची, ती जरा सविस्तर सांगते. रात्रीच्या उबेसाठी आत सिरॅमिक हीटर असतो. दिसायला बल्बसारखा, पण उजेड देत नाही, नुसता तापतो, आणि असा तापतो की त्यावर पाण्याचा थेंब नाचतो. त्याला मिस्त्रींनी साधा प्लॅस्टिकचा होल्डर लावला. दुसऱ्या रात्री स्वयंपाकघरात कुकरची रिंग जळल्यासारखा वास आला. गॅस बघितला, बंद. मागाच्या खोलीत गेले तर होल्डरची कड मऊ होऊन चक्क ओघळलेली, आणि गुंडप्पा खाली फरशीवर डोळे मिटून पडलेला. मेला असं वाटलं. पोटाला बोट लावलं तर एक डोळा उघडून बघितलं आणि परत मिटला. दुसऱ्या दिवशी खडेबाजारातून चिनी मातीचे होल्डर आणले आणि हीटरभोवती तारेचा पिंजरा करून घेतला, कारण हे प्राणी वर उडी मारून चिकटायला कमी करत नाहीत.

आता ट्यूब. 12 टक्के यूव्हीबीची (उन्हातले डोळ्यांना न दिसणारे किरण) टी-5 म्हणजे बारीक ट्यूब, इंपोर्टेड, फिटिंगसकट एक 5,800 ला. इथे पैसे वाचवू नका. शेजारचे काका म्हणाले, खिडकीशी ठेवा, ऊन फुकट आहे. पण खिडकीची काच यूव्हीबी अडवते आणि ते नसेल तर सरड्याच्या अंगात कॅल्शियम मुरत नाही, हाडं मऊ पडतात. म्हणूनच ट्यूब आतल्या बाजूला लावलीय, जाळीच्या वर नाही. जाळीसुद्धा बरंच यूव्हीबी अडवते. टाकीला वर जाळीचं झाकण होतं, त्यामुळे तिथे ही ट्यूब लावूनही अर्धी वाया गेली असती.

दिव्याखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवलाय, न्हाणीघराच्या कामातून उरलेला. तापतो छान, धरून ठेवतो, आणि खडबडीत असल्याने नखं आपोआप घासतात. दीर उद्यमबागेत मशीन शॉपला आहेत. त्यांनी तिथली तापमान मोजायची बंदूक एक दिवस आणली. लालभडक लोखंड मोजायचं यंत्र सरड्याच्या दगडावर रोखून आमचे भावजी गंभीरपणे म्हणाले, "एक्केचाळीस." पाहिजे होतं तेवढंच. गार टोकाला सत्तावीस. लपायला खानापूरचं मडकं, तोंड रुंद करून आडवं ठेवलेलं, साठ रुपयांचं. दुकानातल्या प्लॅस्टिकच्या गुहेपेक्षा हजारपट बरं. दुकानवाल्याने गळ्यात मारलेला विजेवर तापणारा दगड मात्र पहिल्याच दिवशी काढून टाकला. सरड्यांना पोटाखालचा चटका लवकर कळत नाही, भाजून निघतात.

खरी परीक्षा पावसात. कोरड्या रानातला प्राणी आणि वडगावचा जुलै! बाहेर हवेत नव्वद टक्के ओल असताना पेटीच्या गरम टोकाला काटा पंचावन्नावर, गार टोकाला पासष्टच्या आसपास. पुस्तकी आकडा तीस-चाळीसचा, तो आमच्याकडे पावसाळ्यात मिळणार नाही हे मान्य करून चालायचं. निम्मं काम भोकांनी केलं. मागाच्या शेडला खाली खिडकी आणि वर धुराडं असतं तशी गार बाजूला खाली जाळी, गरम बाजूला वर जाळी. हवा आपोआप फिरते. पाण्याची वाटी दिवसभर ठेवायची नाही, सकाळी पाजून काढून घ्यायची. प्लायला बुरशी नाही, ट्रॅक अडकला नाही. थर्मोस्टॅट (ऊब बघून हीटर चालू-बंद करणारं यंत्र) मात्र दोनातला एक (1,100 रुपयांचा) ऑगस्टमध्ये वेडा झाला, नुसता टकटक करायचा. त्याचा सेन्सर चिकटपट्टीवर होता, ओलीने सुटून गार कोपऱ्यात पडलेला. आता सेन्सर क्लिपने बसवलाय.

पेट्या एकावर एक ठेवल्यात. खालच्याच्या दिव्याने वरच्याचा तळ फुकटात कोमट होतो, म्हणून वरच्याला लहान बल्ब पुरतो. लाइट गेली तर दोन तास तरी ऊब टिकते, इन्व्हर्टर मी पंख्यालाच ठेवते. तोटा म्हणजे वजन. भरल्यावर एकट्याने हलत नाही, दिवाळीच्या साफसफाईला दोघं लागतात.

ट्यूब वर्षाने बदलायची असते. उजेड तसाच दिसतो पण कामाचं ते संपलेलं असतं, म्हणून मागावरच्या खडूने पेटीच्या बाजूला लावल्याची तारीख लिहिलीय: 6 जून. पोराला फोटो पाठवलाय. त्याने अंगठा दाखवला, पैसे अजून आलेले नाहीत.